नदीची सरासरी खोली

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सरासरीचे गणित शिकवताना जुने शिक्षक वर्गात एक गोष्ट हमखास सांगत. एक हिशेबनीस कुटुंबकबिल्यासह नदीकाठी येतो. नाव मिळत नाही, उतार कोठे आहे हे सांगायला कोणी नाही. तो लांब काठी घेऊन जागोजाग पाण्याची खोली मोजतो, बेरीज करतो, भागाकार करतो. मग घरातल्या सर्वांची उंची मोजून तिचीही सरासरी काढतो. माणसांची सरासरी उंची पाण्याच्या सरासरी खोलीहून चांगली वीतभर अधिक भरते. तो निर्धास्तपणे सर्वांना घेऊन पाण्यात उतरतो. पैलतीरी पोचल्यावर पाहतो, तर धाकटी मुले दिसत नाहीत. तो वाळूत बसतो आणि पुन्हा हिशेब तपासतो. हिशेब तंतोतंत बरोबर असतो.

वर्ग या गोष्टीला मनमुराद हसत असे. परंतु मोठेपणी ती विसरली जात असावी. कारण मद्याच्या बाबतीत चांगली शिकलीसवरली, सुस्थित माणसे नेमका हाच हिशेब करतात, आणि तेथे कोणीही हसत नाही.

हीरक महोत्सवासारख्या मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात उमटला असेल. तो रास्तच आहे. पण महोत्सव म्हटला की स्नेहमेळावे आले. शाळेच्या प्रांगणातला कार्यक्रम प्रार्थनेने सुरू होतो आणि वंदे मातरम्‌ने संपतो. त्यानंतर एकेका तुकडीचा दुसरा मेळावा कोठल्या तरी हॉटेलात वा गावाबाहेरच्या फार्महाउसवर भरतो. त्या दुसऱ्या मेळाव्याचा वृत्तान्त कोणत्याही स्मरणिकेत छापला जात नाही. तो सर्वांना ठाऊक असतो आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून आज त्याविषयी बोलायचे आहे.

डोळ्यांसमोर एक गृहस्थ आणावा. तो कोणी एक नव्हे. अशा अनेकांचे मिळून हे चित्र आहे. वय ४८. सोमवार ते शुक्रवार तो थेंबालाही शिवत नाही. सकाळी फिरायला जातो, डबा घरून नेतो, मुलांच्या परीक्षांच्या तारखा त्याला पाठ असतात. शनिवारी रात्री मित्रांची बैठक जमते. नऊला सुरू होते, अकरा-साडेअकरापर्यंत चालते, आणि त्याच्या वाट्याला एक क्वार्टर, कधी त्याहून थोडी अधिक येते. रविवारी तो उशिरा उठतो. सोमवारी कामावर वेळेवर हजर. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी विचारले, तर तो सांगतो, ‘कधीतरी, शनिवारी.’ डॉक्टरही घाईत असतात. पुढचा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. मनातल्या मनात त्याचा भागाकार तयार असतो. आठवड्याला एक क्वार्टर, दिवस सात, म्हणजे दिवसाला एक लहान पेगसुद्धा पडत नाही. गणितात चूक काढता येणार नाही.

मराठी मनात मद्यप्याची एक मूर्ती शंभर वर्षांपासून ठसलेली आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, तेही बडोद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्राबाहेरच. तो प्रयोग पाहायला नाटककार हयात नव्हते. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील. सनद काही काळ हातची गेल्याचे निमित्त होते, तळिरामाची संगत मिळते, आणि पाहता पाहता संसाराची राखरांगोळी होते. सिंधूसाठी डोळे पुसत पिढ्यान् पिढ्या नाट्यगृहाबाहेर पडल्या. नाटकाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. मात्र त्या मूर्तीचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की जो सुधाकरासारखा दिसत नाही, तो स्वतःला या विषयाच्या कक्षेत धरतच नाही. ज्याची नोकरी शाबूत आहे, ज्याच्या कपड्यांना इस्त्री आहे, जो बायकोवर हात उगारत नाही आणि पाच दिवस पाण्यावर राहू शकतो, त्या शनिवारच्या गृहस्थाला त्या नाटकात स्वतःचा चेहरा सापडत नाही.

प्रथम माप समजून घेतले पाहिजे. भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडी यांत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः ४२.८ टक्के असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम, आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा छापील आकडा वाचावा. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल, तर एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. दीड बाटलीत क्वार्टरची बरोबरी होते. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम वा अधिक मद्यार्क पोटात जाण्याला अतिमद्यपानाचा प्रसंग मानते, मग तो महिन्यातून एकदाच का घडेना. हीरक महोत्सवाच्या वर्षात साठ हा आकडा सर्वांच्या ओठांवर आहेच. हा दुसरा साठही ध्यानात राहावा. दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळून मिळणारी ती चपटी बाटली नेमकी या रेषेवर उभी असते. शिवाय हे सारे मापून ओतले तर. घरच्या बैठकीत पेग डोळ्यांनी मोजला जातो, आणि रात्र चढते तसा डोळा उदार होत जातो.

आता बेलफास्टकडे वळू. उत्तर आयर्लंडमधले हे शहर, आणि फ्रान्समधील लील, स्ट्रासबूर्ग व तुलूझ या तीन ठिकाणांतील ५० ते ५९ वयाचे पुरुष, यांची १९९१ ते १९९४ या काळात एका मोठ्या अभ्यासासाठी नोंदणी झाली. एकूण ९,७७८ जण. नोंदणीच्या वेळी त्यांच्यापैकी कोणालाही हृदयविकार नव्हता. पुढे दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला आणि निष्कर्ष २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. मद्य घेणाऱ्यांचे आठवड्याचे प्रमाण फ्रान्समध्ये सरासरी २५५ ग्रॅम होते, बेलफास्टमध्ये २८२. म्हणजे फरक फारसा नाही. शनिवारच्या गृहस्थाच्या गणिताने दोन्हीकडची माणसे जवळपास सारखीच. परंतु फ्रान्समधल्या बहुतेकांचे मद्य आठवडाभर, रोजच्या जेवणाबरोबर, मुख्यतः वाइनच्या रूपाने पोटात जात होते. बेलफास्टमध्ये रोज घेणारे थोडे. तेथे मोठा वाटा शुक्रवार-शनिवारच्या रात्री रिचवला जात होता. आठवड्यातून किमान एका दिवशी ५० ग्रॅमहून अधिक घेणे ही त्या अभ्यासाने अतिरेकाची व्याख्या ठरवली होती. असे पुरुष बेलफास्टमध्ये ९.४ टक्के निघाले, फ्रान्समध्ये अवघे अर्धा टक्का.

दहा वर्षांनंतर मोजदाद झाली. हृदयविकाराचा झटका आणि त्या विकाराने येणारा मृत्यू यांचे प्रमाण बेलफास्टमध्ये फ्रान्सच्या सुमारे दुप्पट होते. दोन देशांच्या आहारात, हवामानात, राहणीत फरक असतात, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. संशोधकांनाही ते ठाऊक होते. म्हणून त्यांनी धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारख्या गोष्टी हिशेबात धरून पुन्हा तुलना केली. तरीही एकदम भरपूर घेणाऱ्यांचा धोका रोज थोडे घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट राहिला. आठवड्याची बेरीज सारखी असून नदी एके ठिकाणी गुडघाभर होती आणि दुसरीकडे डोक्यावरून गेली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर सभागृहातले एखादे चतुर गृहस्थ उद्यापासून रोज एक पेला सुरू करतील आणि त्याचे श्रेय शाळेला देतील. त्याच अभ्यासात मुळीच न घेणाऱ्यांपेक्षाही रोज थोडे घेणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका कमी दिसला होता. अशा आकड्यांवर ‘थोडी वाइन हृदयाला चांगली’ हा समज वर्षानुवर्षे पोसला गेला. नंतरच्या काळात, विशेषतः आनुवंशिक गुणधर्मांचा आधार घेऊन जे अभ्यास झाले, त्यांत हा लाभ बराचसा विरून गेला. शिवाय हृदय म्हणजे सबंध शरीर नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे जेथे तंबाखू आहे तेथे, बसवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या अवयवांच्या कर्करोगांशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, अशी भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. तेव्हा बेलफास्टकडून शिकायचे ते एवढेच, की शरीर सरासरी काढत नाही.

ते का काढत नाही, याचे उत्तर यकृताच्या कामाच्या पद्धतीत आहे. रेशनच्या दुकानाची एकच खिडकी उघडी असावी आणि कारकून ठरलेल्या गतीनेच काम करणारा असावा, तसे यकृताचे आहे. रांगेत दोन माणसे असोत की दोनशे, त्याची गती बदलत नाही. ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निचरा होतो. त्याहून घाई नाही. साठ ग्रॅम एकदम आले की सहा ते आठ तास खिडकी चालू राहते, आणि रांगेत उभे असलेले बाकीचे मद्य तोवर रक्तातून मेंदू, हृदय, स्वादुपिंड अशी प्रदक्षिणा घालत असते. शिवाय निचरा होताना मधल्या टप्प्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो, तो मूळ मद्याहून विषारी. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही खिडकीवरचा कारकून हात जलद चालवत नाही. कॉफीने झिंगलेला माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही.

हृदयावरचा परिणाम लक्षात आला तो सुट्ट्यांमुळे. १९७८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले हृदयरोगतज्ज्ञ फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयाची लय बिघडल्यामुळे या रुग्णांना मिळून ३२ वेळा रुग्णालयात यावे लागले होते, आणि हे येणे शनिवार-रविवारच्या किंवा सणासुदीच्या मद्यपानाच्या पाठोपाठ घडत होते. त्यांनी या प्रकाराला ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव दिले. मराठीत सुट्टीचे हृदय म्हणता येईल. यात बहुधा हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. छातीत धडधड होते, दम लागतो, घाम येतो. बरेचदा एका दिवसात सारे आपोआप पूर्ववत होते, आणि ‘रात्रीच्या मटणाचे पित्त झाले’ म्हणून विषय मिटतो. परंतु थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. २०१५ साली म्यूनिकच्या प्रसिद्ध बिअर-उत्सवात तीन हजारांहून अधिक लोकांचे हृदयालेख जागेवरच काढण्यात आले. सुमारे ३० टक्के लोकांच्या ठोक्यांत काही ना काही बिघाड आढळला, बहुतांशी अतिवेगाचा. ही माणसे रुग्ण नव्हती. उत्सवाला आलेली होती.

रक्तदाब दुसऱ्या दिवशी चढतो. ज्याची गोळी चालू आहे त्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. झोप लवकर लागते पण उत्तररात्री तुटत राहते, म्हणून रविवारचा थकवा. स्वादुपिंडाचा तीव्र दाह ही दुखण्याच्या दृष्टीने फार वाईट अवस्था. तिच्या दोन प्रमुख कारणांपैकी एक पित्ताशयातले खडे आणि दुसरे मद्य. यकृतात चरबी साचायला वर्षे लागत नाहीत, भरपूर मद्याचे काही दिवस पुरतात, आणि ज्यांना आधीच मधुमेह वा पोटाचा घेर आहे त्यांच्या यकृतावर ती भर पडते. दिलासा एवढाच, की या पायरीवर थांबले तर काही आठवड्यांत चरबी ओसरते. यकृत कठीण, गाठाळ झाल्यावर मात्र ते मागे फिरत नाही.

मेंदूविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण तेथल्या हानीची सर्वांत जास्त थट्टा होते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मित्र सांगतात, ‘काल तू गाणे म्हटलेस, वेटरशी वाद घातलास, गाडी स्वतः चालवत घरी गेलास.’ त्याला यातले काहीच आठवत नाही. हशा पिकतो, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत तो किस्सा मीठमसाला लावून सांगितला जातो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे. नव्या आठवणी लिहून ठेवणे हे त्याचे काम. रिकाम्या पोटी आणि भराभर घेतल्याने रक्तातले मद्याचे प्रमाण झपाट्याने चढले, की हा लेखनिक लेखणी खाली ठेवतो. माणूस चालतो, बोलतो, हसतो, दाराला किल्ली लावतो, पण वहीची पाने कोरी राहतात. ती आठवण नंतर परत येत नाही, कारण ती लिहिलेलीच नसते. जो तास आपल्या आयुष्यात नोंदला गेला नाही, त्या तासात आपण मोटार चालवली, हे ऐकून माणसाला हसू यावे याचे खरोखर नवल वाटते.

भारतापुरते पाहिले तर चित्र विलक्षण आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी मद्य घेणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६. याचा अर्थ बहुसंख्य भारतीय मद्याला स्पर्श करत नाहीत. पण जे घेतात, त्यांच्यापैकी दहांतले चार जण एका बैठकीत चारांहून अधिक पेले घेतात. आपल्याकडे घेणारे थोडे आणि घेण्याची रीत बेलफास्टची.

ही रीत का पडली, याचा विचार मराठी घरांनी करण्यासारखा आहे. ज्या गोष्टीला घरात जागा नाही, ती घराबाहेर घाईने उरकली जाते. जेवणाच्या पंगतीत मद्य नसते, ही आपली चांगलीच परंपरा. पण तिच्यामुळे बैठक जेवणाच्या आधी बसते. चखण्याला शेंगदाणे, शेव, फार तर तंदुरी काहीतरी, आणि जेवण सर्वांत शेवटी, रात्री साडेअकराला, तेही अर्धवट. पोट रिकामे असताना मद्य जठरातून लहान आतड्यात लवकर उतरते आणि तेथून वेगाने रक्तात जाते. त्यात ‘ड्राय डे’च्या आदल्या रात्रीची साठवण, दुकानाचे शटर पडण्याच्या आधीची धावपळ, ‘बाटली उघडली की संपवायची’ हा अलिखित नियम. आग्रहाचाही यात वाटा आहे. पुरणपोळीचा आग्रह आणि पेल्याचा आग्रह यांचा स्वर आपल्याकडे एकच असतो.

पालकांसाठी आता वेगळे सांगायचे आहे. या शाळेतील मुले दहावी-बारावीनंतर पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राम येथे जातात. वसतिगृह, मग नोकरी, मग चार जणांनी मिळून घेतलेले भाड्याचे घर. मेंदूचा विवेक सांभाळणारा पुढचा भाग विशी उलटून बरीच वर्षे गेल्यावर पूर्ण घडतो. तोवर अतिमद्यपानाचे घाव अधिक खोल जातात. मुलींच्या पालकांनीही कान झाकू नयेत. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच मद्याने तिच्या रक्तातले प्रमाण अधिक चढते. हे शरीरशास्त्र आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे.

अशा घरांमध्ये जे मृत्यू होतात, त्यांतले काही केवळ भीतीने होतात. एखादा मुलगा पैज लावून भराभर पितो आणि कोसळतो. मित्र त्याला उचलून पलंगावर उताणा झोपवतात, दिवा मालवतात, दार ओढून घेतात. ‘झोपला की उतरेल.’ पण शेवटचा पेला रिचवल्यानंतरही पोटातले मद्य रक्तात उतरतच असते. झोपलेल्या माणसाचे प्रमाण आणखी काही काळ चढत राहू शकते. श्वासाची गती मंदावते. ओकारी आली तर ती श्वासनलिकेत जाते, कारण खोकण्याची प्रतिक्रियाही झोपलेली असते. रक्तातली साखर घसरते. म्हणून नियम असा: हाक मारून, हलवूनही जो जागा होत नाही, ज्याचा श्वास संथ वा अडखळत चालला आहे, ज्याचे ओठ निळसर पडले आहेत, जो बेशुद्धीतच ओकतो आहे, त्याला कुशीवर वळवावे, एकट्याला सोडू नये, बळेबळे ओकारी काढू नये, काही पाजू नये आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. मित्र तो फोन करत नाहीत. ‘घरी कळले तर’ या तीन शब्दांत रात्र निघून जाते. म्हणून मूल घरातून निघण्यापूर्वी त्याला एक गोष्ट ठामपणे सांगून ठेवावी, की असा फोन रात्री दोन वाजता आला तर त्या रात्री कोणीही रागावणार नाही. रागवायचे असेल ते आठवड्याने रागवावे.

माजी विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या मेळाव्यावर पुन्हा यायचे तर परतीच्या प्रवासापासून सुरुवात करावी. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असेल तर वाहन चालवणे गुन्हा आहे. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने दोन तासांत एक क्वार्टर घेतली, तर तो या मर्यादेच्या तिपटीच्या आसपास पोचतो. हे रात्रीचे झाले. पंचवीस वर्षांनी भेटलेले मित्र एका क्वार्टरवर थांबत नाहीत. १२० ग्रॅमचा हिशेब केला, तर ताशी ८ ग्रॅमच्या गतीने खिडकी बंद व्हायला १५ तास लागतात. रात्री नऊला बसलेल्या माणसाचे रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मोकळे होते, आणि तो सकाळी आठला पोहे खाऊन, सर्वांचा निरोप घेऊन, कुटुंबासह महामार्गाला लागलेला असतो.

स्वतःची परीक्षा स्वतः घेता यावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका तयार केली आहे. तिच्यातला तिसरा प्रश्न आजच्या विषयापुरता पुरेसा आहे: एका वेळी सहा किंवा त्याहून अधिक पेले घेण्याचा प्रसंग किती वेळा येतो? उत्तराचे पर्याय पाच. कधीच नाही, महिन्यातून एकदाहून कमी, दर महिन्याला, दर आठवड्याला, रोज किंवा जवळजवळ रोज. उत्तर मोठ्याने देण्याची गरज नाही. ज्याचे उत्तर चौथे आहे, त्याने पुढच्या तपासणीत ‘कधीतरी, शनिवारी’ एवढ्यावर न थांबता ग्रॅममध्ये सांगावे. त्यामुळे डॉक्टरांना हृदयालेख व यकृताच्या चाचण्या वेगळ्या नजरेने वाचता येतील. ज्याचे उत्तर पाचवे आहे, त्याने मात्र उद्या सकाळी निश्चय करून एकदम सोडू नये. बराच काळ रोज भरपूर घेणाऱ्याचे मद्य अचानक तुटले, तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते; हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच कार्य करत आले आहे, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा देशात कोठूनही चालते. हा क्रमांक नातेवाइकांनीही वापरावा. त्यासाठी पिणाऱ्याची परवानगी लागत नाही.

आजच्या मेळाव्याचे भोजन या वेळी मुद्दाम सायंकाळी साडेसातला ठेवले आहे. सर्व तुकड्यांनी पहिल्याच पंगतीला बसावे, ही विनंती. मठ्ठा सकाळीच घुसळून ठेवला आहे, आणि जिलबी पंगत बसल्यावर गरम गरम वाढली जाणार आहे.